बंदी उठली, पण गाडी आली नाही : जुन्या परदेशी मोटारींच्या नोंदणीचा इतिहास

आजच्या धाग्यात राजे नाहीत, लढाया नाहीत आणि किल्लेही नाहीत. आज आपण एक सरकारी अधिसूचना वाचणार आहोत. मोटारीच्या पुढच्या दिव्यांचा झोत कोणत्या बाजूला पडावा, हा तिच्यातील एक मुद्दा आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु एखादी बंदी न्यायासनासमोर हरते आणि तरीही वेश पालटून जिवंत कशी राहते, हे पाहायचे असेल तर इतका स्वच्छ नमुना आधुनिक भारताच्या आर्थिक इतिहासात क्वचितच सापडतो.

सुरुवात घरातून करतो. माझे थोरले मामा बरीच वर्षे मस्कतला नोकरीस होते. आजोळच्या भिंतीवर त्यांचे एक छायाचित्र आहे. पांढरी टोयोटा कोरोला, तिच्या बॉनेटवर एक हात ठेवून उभे असलेले मामा आणि मागे ओमानचे उघडेबोडके डोंगर. २००१ च्या वसंतात भारतीय वर्तमानपत्रांत बातमी झळकली की १ एप्रिलपासून परदेशातील वापरलेल्या मोटारी आणण्यावरील बंदी उठली. मामांचे परतण्याचे ठरत होते. गाडी घेऊनच यावे असे त्यांच्या मनाने घेतले. मुंबईतील एका क्लिअरिंग एजंटाला त्यांनी फोन केला. तो दोन मिनिटांत संपला. गाडी तिथेच विकून मामा परत आले आणि पुढे कितीतरी वर्षे, ‘बंदी उठली म्हणे! कुणासाठी उठली?’ असे विचारत राहिले.

एम.ए. करताना त्या वर्षीचे आयात-निर्यात धोरण मी मूळातून वाचले, तेव्हा मामांच्या प्रश्नाचे उत्तर पानापानावर लिहिलेले आढळले.

प्रथम एक भेद लक्षात घेऊ. परदेशातून आणलेल्या मोटारीला दोन दरवाजे ओलांडावे लागतात. पहिला बंदरावरचा, म्हणजे सीमाशुल्क खात्याचा. तो ओलांडला की वस्तू देशात आली. दुसरा आरटीओचा. तो ओलांडला की ती वस्तू ‘वाहन’ झाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीविना कोणतेही वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. पहिला दरवाजा उघडला आणि दुसरा बंद राहिला, तर लाखो रुपयांची मोटार हे अंगणात ठेवण्याचे एक मोठे लोखंडी कपाट ठरते. या दोन दरवाजांमधील किल्ली कधी कोणाच्या हाती होती, हाच आपल्या कथेचा विषय.

वसाहतकाळात ही किल्ली जवळजवळ नव्हतीच. १९१४ च्या भारतीय मोटार वाहन कायद्याने नोंदणी आणि चालकाचा परवाना या गोष्टी देशभर लागू केल्या. मात्र मोटार मुळातच परदेशातून येणारी वस्तू होती. ‘आयात केलेली मोटार’ हा वेगळा प्रकार मानण्याचे कारणच नव्हते. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला आणि खोक्यांतून आलेले सुटे भाग जोडून गाड्या बाहेर पडू लागल्या. साहेब विलायतेस परतताना आपली गाडी एखाद्या वकिलाला वा संस्थानिकाला विकून जाई. कागदावर नाव बदले, काम संपे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४७ चा आयात-निर्यात नियंत्रण कायदा हा युद्धकालीन नियंत्रणांचा वारस होता आणि परकीय चलनाची चणचण ही त्याची जननी. १९४९ मध्ये पूर्ण बांधणीच्या मोटारींची आयात बंद करण्यात आली. १९५३ मध्ये टॅरिफ आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले की, ज्यांना येथे प्रत्यक्ष उत्पादन करायचे आहे त्यांनीच राहावे, केवळ जुळणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. मागे उरले कलकत्त्याजवळचे हिंदुस्थान मोटर्स, कुर्ल्याचे प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि मद्रासचे स्टँडर्ड.

अँबॅसडर आणि फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्यांच्या कथा आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत, त्यामुळे तिथे रेंगाळत नाही. या टंचाईने एक उलटी बाजारपेठ जन्माला घातली, एवढे मात्र नोंदवतो. हाती लगेच मिळणारी वापरलेली फियाट कधीकधी कारखान्यातून यायच्या नव्या फियाटहून महाग विकली जाई. जिथे देशी जुन्या गाडीची ही प्रतिष्ठा, तिथे परदेशी जुन्या गाडीचे काय होत असेल, याची कल्पना करा.

अशा गाड्या येण्याच्या वाटा दोनच होत्या. एक राजनैतिक वकिलातींची. परदेशी मुत्सद्दी शुल्कमाफीने गाडी आणत आणि कार्यकाळ संपला की ती विकावी लागे. ती कोणालाही, कशीही विकता येत नसे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या राज्य व्यापार महामंडळामार्फत, म्हणजे एसटीसीमार्फत, अशा गाड्यांची विल्हेवाट लागे. त्या काळात रस्त्यावर दिसणाऱ्या बऱ्याच मर्सिडीज आणि शेव्हर्ले एसटीसीच्या कागदांतून फिरून आलेल्या असत. दुसरी वाट कायमच्या वास्तव्यासाठी परतणाऱ्या भारतीयांची. तिच्यात परदेशातील सलग वास्तव्य, गाडी ठरावीक काळ स्वतःच्या मालकीची असणे, शुल्क परकीय चलनात भरणे अशा अटींची रांग होती.

येथे कायद्यातील एक गमतीदार वाक्य सांगण्याचा मोह आवरत नाही. परदेशातून परतणारा प्रवासी आपले सामान म्हणून काय आणू शकतो, हे १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात सांगितले आहे. ‘सामान’ या शब्दाच्या व्याख्येत मागाहून येणारे सामानही धरले आहे. मात्र मोटार वाहनाचा त्यात समावेश नाही, असे व्याख्येतच लिहून ठेवले आहे. माणूस फ्रीज आणतो, टेप रेकॉर्डर आणतो, पलंगसुद्धा आणतो. ते सारे सामान. मोटार मात्र सामान नव्हे. ती स्वतंत्र आयात आणि म्हणून तिला स्वतंत्र परवानगी.

१९९१ मध्ये सोने गहाण टाकण्याची वेळ आली आणि त्यानंतर उदारीकरण सुरू झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. तुलनेने कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की, उदारीकरणानंतरही हजारो ग्राहकोपयोगी वस्तूंची आयात बंद वा परवान्याने बांधलेली होती. भारत त्यासाठी ‘गॅट’ करारातील अठराव्या कलमाचा आधार घेई. विदेशी चलनाची तूट असलेल्या विकसनशील देशाला आयातीच्या संख्येवर बंधने घालण्याची मुभा त्या कलमात आहे. या बंधनांना ‘संख्यात्मक निर्बंध’ म्हणतात. शुल्काने आयात महाग होते, येथे ती संख्येनेच अडते.

१९९७ मध्ये अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेपुढे तक्रार केली. युक्तिवाद सरळ होता. भारताची गंगाजळी आता भरली आहे, तेव्हा टंचाईची सबब संपली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे मत मागवण्यात आले आणि ते भारताच्या विरोधात गेले. एप्रिल १९९९ मध्ये निकाल लागला. ऑगस्टमध्ये अपिलातही भारत हरला. दोन्ही देशांनी मिळून मुदत ठरवली. १ एप्रिल २००० रोजी ७१४ वस्तूंवरील निर्बंध उठले, तर १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरील. या दुसऱ्या यादीत वापरलेल्या मोटारी होत्या.

त्या वेळची भीती खोटी नव्हती, हे मुद्दाम सांगतो. आज आपण मागे वळून ‘संरक्षणवाद’ असा शिक्का मारून मोकळे होतो. न्यूझीलंडचे उदाहरण तेव्हा ताजे होते. त्या देशाने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून जपानी जुन्या गाड्यांना दारे उघडली. १९९८ मध्ये मोटारींवरील आयातशुल्कच रद्द केले आणि त्याच वर्षी तेथील उरलेले जुळणी-कारखाने एकामागून एक बंद झाले. ग्राहकाला स्वस्त गाडी मिळाली. कामगाराची नोकरी गेली.

आता २००१ च्या आरंभीचे पिंपरी-चिंचवड डोळ्यांसमोर आणा. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, डिसेंबर १९९८ मध्ये इंडिका बाजारात आणली होती. २०००-०१ या आर्थिक वर्षात त्या कंपनीला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. कुर्ल्याची पद्मिनी शेवटच्या घटका मोजत होती. या कंपन्यांना भाग पुरवणारी शेकडो लहान वर्कशॉपे भोसरी-चाकणपासून नाशिक-औरंगाबादपर्यंत पसरलेली होती. अशा वेळी जपानमधील पाच वर्षे वापरलेली, वातानुकूलित, गुळगुळीत चालणारी कोरोला मुंबई बंदरात इंडिकाच्या किमतीत उतरली असती, तर इंडिका कोणी घेतली असती? प्रामाणिकपणे सांगायचे तर माझ्या मामांनी घेतली नसती.

सरकारने तीन महिन्यांत दोन कुंपणे उभारली. पहिले शुल्काचे. २८ फेब्रुवारी २००१ च्या अर्थसंकल्पात यशवंत सिन्हा यांनी वापरलेल्या मोटारींवरील मूळ सीमाशुल्क १०५ टक्के केले. इतर आकार मिळवून एकूण बोजा १८० टक्क्यांच्या वर गेला. पण खरी मेख टक्केवारीच्याही पलीकडे, गाडीची किंमत ठरवण्याच्या पद्धतीत होती. तुम्ही जपानच्या लिलावात गाडी कितीला घेतली, हे सीमाशुल्क खाते विचारातच घेत नसे. ते पाही ती गाडी नवी असतानाची छापील किंमत आणि तिच्यातून ठरलेल्या दराने घसारा वजा करी. पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच. तीन वर्षांचा हिशेब केला तर १६ अधिक १२ अधिक १०, म्हणजे ३८ टक्के. नवी असताना दहा लाखांची असलेली गाडी तीन वर्षांनंतर सीमाशुल्काच्या वहीत ६ लाख २० हजारांची. त्यावर १८० टक्के लावा. ११ लाख १६ हजार. वाहतूक, विमा आणि किरकोळ वजावटी सोडून दिल्या, तरी केवळ शुल्कच नव्या गाडीच्या मूळ किमतीहून अधिक होते.

दुसरे कुंपण ३१ मार्च २००१ रोजी उभे राहिले. निर्बंध उठण्याच्या आदल्या दिवशी वाणिज्यमंत्री मुरासोली मारन यांनी नवे आयात-निर्यात धोरण जाहीर केले. सुमारे तीनशे संवेदनशील वस्तूंच्या आयातीवर लक्ष ठेवण्यासाठी एक ‘वॉर रूम’ असेल, असेही त्यांनी सांगितले. शब्द युद्धाचा आहे, हे ध्यानात घ्यावे. आणि त्या धोरणात जुन्या मोटारींसाठी अटींची एक यादी होती. हीच आपली अधिसूचना. ती वाचताना मला एखाद्या किल्ल्याचा नकाशा वाचल्यासारखे वाटले. (किल्ले नाहीत म्हटले होते, क्षमस्व.)

गाडी उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांहून जुनी नसावी. स्टिअरिंग उजवीकडे असावे. वेगदर्शक किलोमीटरमध्ये असावा. पुढच्या दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला अनुरूप असावा. आयातीच्या तारखेपासून पुढे किमान पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्यायोग्य राहील असे प्रमाणपत्र असावे आणि तेवढा काळ देशात तिच्या दुरुस्तीची सोय राहील अशी हमी असावी. परदेशातून निघण्यापूर्वी मान्यताप्राप्त संस्थेकडून तिची तपासणी झालेली असावी. ती केवळ मुंबई बंदरातूनच यावी. आणि येथे उतरल्यावर अहमदनगरची व्हीआरडीई, पुण्याची एआरएआय किंवा मध्य प्रदेशातील बुदनीची ट्रॅक्टर प्रशिक्षण व चाचणी संस्था, यांपैकी एकीकडे तिची पुन्हा चाचणी व्हावी.

वरवर पाहता यांतील बहुतेक अटी शहाणपणाच्या आहेत. परंतु त्या जगाच्या नकाशावर एकेक करून ठेवून पाहा.

दिव्याची अट घ्या. रात्रीच्या प्रवासात आपण ‘डिपर’ देतो, तेव्हा झोत खाली येतो खरा, पण दोन्ही बाजूंना सारखा येत नाही. डावीकडून चालणाऱ्या देशात तो रस्त्याच्या डाव्या कडेला थोडा वर चढतो, म्हणजे कडेचा पादचारी दिसावा. उजवीकडे तो खालीच राहतो, म्हणजे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत. उजवीकडून चालणाऱ्या देशांतील दिवे याच्या नेमके उलट असतात. तशी गाडी येथे चालवली तर मुंबई-गोवा महामार्गावर समोरून येणारा प्रत्येक चालक आंधळा होईल. अट रास्तच आहे. पण दिव्याची आणि स्टिअरिंगची अट मिळून काय घडले? संपूर्ण अमेरिका, जवळजवळ सारा युरोप आणि संपूर्ण आखात एका फटक्यात बाद झाले. आखातात लाखो भारतीय नोकरीस होते आणि स्वतःची गाडी घेऊन परतण्याची इच्छा सर्वाधिक त्यांचीच असणार. मामांची कोरोला येथेच अडली. तिचे स्टिअरिंग डावीकडे होते.

आणखी गंमत पाहा. खुद्द मोटार वाहन कायद्याचे कलम १२० डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीला सरसकट मनाई करत नाही. विहित प्रकारचे यांत्रिक वा विजेवर चालणारे इशारादर्शक उपकरण चालू स्थितीत असेल तर अशी गाडी चालवता येते, असे ते कलम सांगते. म्हणजे रस्त्याचा कायदा जे चालवून घेतो, ते व्यापाराचा नियम रस्त्याच्या सुरक्षेचे नाव घेऊन अडवतो. किल्ली एका दरवाजावरून काढून दुसऱ्यावर लावलेली दिसते ती येथे.

उरले डावीकडून चालणारे देश. ब्रिटनमध्ये वेग मैलांत मोजतात. ती अडचण तबकडी बदलून सुटण्याजोगी, तेव्हा ती सोडून देऊ. खरा प्रश्न जपानचा होता. उजवीकडे स्टिअरिंग, डावीकडची वाहतूक, किलोमीटरची तबकडी, सारे जुळणारे. जपानला रोखले ते तीन वर्षांच्या अटीने. जपानमध्ये ‘शाकेन’ नावाची सक्तीची आणि बरीच खर्चिक तपासणी असते. नव्या खाजगी मोटारीची पहिली शाकेन तीन वर्षांनी येते आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी. तेथील मालक साहजिकच शाकेनचा खर्च टाळण्यासाठी तिसऱ्या, पाचव्या, सातव्या वर्षी गाडी विकून टाकतात. जगभर जाणाऱ्या स्वस्त जपानी गाड्यांचा उगम हाच. तीन वर्षांहून जुनी नको म्हणणे म्हणजे गाड्या ज्या क्षणी बाजारात येऊ लागतात, त्या क्षणी दार लावून घेणे. धोरण आखणाऱ्यांनी शाकेनचे वेळापत्रक समोर ठेवूनच तीनचा आकडा निवडला, हा माझा तर्क आहे. परिणाम मात्र तर्काचा भाग नाही. श्रीलंकेच्या रस्त्यांवर जुन्या जपानी गाड्या सर्रास दिसतात. भारतात त्या आल्याच नाहीत.

मुंबई बंदराची अट तर सुरक्षेच्या कोणत्याही भाषेत बसत नाही. चेन्नईला उतरलेल्या गाडीचे ब्रेक मुंबईला उतरलेल्या गाडीहून कमी लागतात असे थोडेच आहे! एकाच बंदराची अट तपासनिसाची सोय पाहते आणि आयातदाराची गैरसोय. केरळातील माणसाने गाडी आणायची तर ती मुंबईत उतरवायची, तेथून नगर वा पुणे गाठायचे, चाचणी करून घ्यायची आणि मग स्वतःच्या गावच्या आरटीओत जायचे. तोवर गाडी अनोंदित. कलम ४३ ची तात्पुरती नोंदणी करा, नाहीतर ट्रकवर चढवा.

चाचणी करणाऱ्या संस्थांविषयीही दोन शब्द लिहायला हवेत, कारण तिन्हींपैकी दोन आपल्या अंगणातल्या आहेत. नगरची व्हीआरडीई ही संरक्षण संशोधन संघटनेची प्रयोगशाळा. तिचे मूळ फाळणीपूर्वी रावळपिंडीजवळच्या चकलाला येथे होते. फाळणीनंतर ती नगरला आली. लष्कराची वाहने पारखणे हे तिचे मुख्य काम. पुण्याची एआरएआय १९६६ ची, वाहन उद्योगाने सरकारच्या साथीने उभारलेली. वेताळ टेकडीच्या कुशीत तिचे आवार आहे, पुणेकरांना ते फिरायला जाताना दिसते. बुदनीचे केंद्र १९५५ मध्ये नर्मदाकाठी सुरू झाले, ते शेतकऱ्यांना ट्रॅक्टर शिकवण्यासाठी. रणगाड्यांचा पारखी, उद्योगाची स्वतःची प्रयोगशाळा आणि ट्रॅक्टरची शाळा, या तिघांच्या हाती परदेशी जुन्या मोटारीचे भवितव्य सोपवण्यात आले. यांच्या तांत्रिक निष्ठेवर मी शंका घेत नाही. तरीही ज्या उद्योगाला स्पर्धेची धास्ती होती, त्याच उद्योगाने उभारलेल्या संस्थेकडे स्पर्धकाची परीक्षा गेली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवलेच पाहिजे.

चाचणीचा कागद हाती आल्यावर आरटीओची पायरी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ४७ अन्वये नोंदणीचा अर्ज नमुना २० मध्ये करायचा आणि आयात वाहनाच्या बाबतीत सीमाशुल्क खात्याचे मोकळीक-प्रमाणपत्र जोडायचे, परवाना व बंधपत्र असल्यास तेही. आरटीओतील कारकुनापुढे चार-पाच कागदांची चळत येई. तिच्यामागे जिनिव्हाचा निकाल, वाणिज्यमंत्र्यांची वॉर रूम आणि पिंपरीचा तोटा दडलेला आहे, याची कल्पना त्यालाही नसावी.

मग हे सारे ढोंग होते काय? माझे मत विचाराल तर अर्धे होते. ‘गॅट’ करार संख्येच्या बंधनाला मनाई करतो, पण मानवी जीविताच्या रक्षणासाठी घातलेल्या नियमांना वाव देतो. १९९९ पर्यंत भारत ‘आमच्याकडे पैसा नाही’ या भाषेत बंदी घालत होता. ती भाषा जिनिव्हात हरल्यावर त्याने ‘आमचे रस्ते सुरक्षित हवेत’ ही भाषा उचलली. ही भाषा खोटी नव्हती. जगातील सर्वाधिक अपघाती मृत्यू होणाऱ्या देशांत आपण आहोत, आणि श्रीमंत देशांनी टाकून दिलेल्या धुरकट गाड्यांचे उकिरडे आफ्रिकेतील अनेक देश आजही सोसत आहेत. पण ज्या काळात ही कडक चाचणी जुन्या परदेशी गाडीला लागू झाली, त्या काळात आपल्याच रस्त्यांवरील वीस-वीस वर्षांच्या ट्रकांना पासिंग कसे मिळत होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या कळवळ्याची मर्यादाही कळते. नियम चांगला होता. तो शेजाऱ्यासाठी ठेवलेला होता.

पुढची कहाणी थोडक्यात. २००२ मध्ये फियाटने सचिन तेंडुलकरला फेरारी भेट दिली. ती वापरलेली नव्हती, तरी शुल्काचा डोंगर होताच. सरकारने शुल्कमाफी दिली, त्यावर गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर शुल्क कंपनीने भरले. ज्यांच्याजवळ एवढे वजन नव्हते त्यांच्यापैकी काहींनी चोरवाटा धरल्या. परतणाऱ्या भारतीयांच्या नावावर दुसऱ्याचीच आलिशान गाडी आणणे, चासी क्रमांक खोडणे, अशी प्रकरणे महसूल गुप्तचर संचालनालयाने वेळोवेळी बाहेर काढली. अगदी सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क खात्याने ‘ऑपरेशन नुमखोर’ नावाची मोहीम काढली. भूतानमार्गे जुन्या गाड्या आणून येथे बनावट कागदांवर त्यांची नोंदणी केल्याचा संशय होता. नुमखोर म्हणजे भूतानच्या झोंगखा भाषेत वाहन.

सवलत मिळाली ती फार जुन्या गाड्यांना. १ जानेवारी १९५० पूर्वीच्या मोटारी परवान्याविना आणता येत. त्या तारखेचे कुंपण २०२५ मध्ये सरकले आणि पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ती मुभा मिळाली. त्यांच्या नोंदणीसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र मालिकाही आहे. तीन वर्षांच्या आतली चालेल, पन्नास वर्षांच्या वरची चालेल, मधली सत्तेचाळीस वर्षे मात्र नको, असा हा अजब हिशेब आहे. संग्राहकाच्या रोल्स रॉइसमुळे कोणाचाही कारखाना बंद पडत नाही. कोरोलामुळे पडू शकतो.

गेल्या दिवाळीत आजोळी गेलो, तेव्हा अधिसूचनेची छापील प्रत बरोबर नेली होती. मामांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली. स्टिअरिंगच्या अटीवर थांबले, मान हलवली. तीन वर्षांची अट वाचून म्हणाले, ‘माझी तर सहा वर्षांची होती रे.’ मग मी घसाऱ्याचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्यांनी तो दोनदा तपासला, बेरीज बरोबर आहे हे पाहिले आणि विचारले, ‘मग त्या एजंटाने हे सगळे फोनवर दोन मिनिटांत कसे ओळखले?’

मी म्हटले, ‘त्याने एकच प्रश्न विचारला असेल ना, स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे म्हणून?’

मामा हसले. ‘हो. तेवढेच विचारले होते.’